वाकड्या पुढच्या पायाच्या ऑपरेशननंतरचे सात महिने

आमचा कुत्रा चिकू साडेतीन महिन्यांचा असताना जिन्यावरून पडला, दोन दिवस लंगडला आणि मग पूर्वीसारखा धावू लागला, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. तीन आठवड्यांनी ओल्या फरशीवर उमटलेल्या त्याच्या पावलांकडे सहज लक्ष गेले, तर उजव्या पायाचे ठसे सरळ होते आणि डाव्याचे बाहेरच्या बाजूला वळलेले. पहिल्या डॉक्टरांनी कॅल्शियम कमी असल्याचे सांगून सिरप दिले, त्यात आणखी तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे मला अजूनही खुपतात.

दुसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही पायांचे कोपरापासून मनगटापर्यंत एक्स-रे काढले आणि शेजारी शेजारी लावून दाखवले. पुढच्या पायात रेडियस आणि अल्ना ही दोन हाडे जोडीने वाढतात. अल्नाच्या लांबीची सुमारे 85 टक्के वाढ मनगटाजवळच्या एकाच ग्रोथ प्लेटमधून (हाड जिथून लांबीला वाढते त्या कूर्चेच्या थरातून) होते, आणि कुत्र्यांमध्ये ही प्लेट शंकूच्या आकाराची असल्याने मार बसला की ती सरकण्याऐवजी चेपली जाते. चिकूची ती प्लेट वेळेआधीच बंद झाली होती. अल्ना आखूड राहिली, रेडियस मात्र वाढतच राहिली आणि ताणलेल्या धनुष्यासारखी वाकली. अशी इजा पडल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, म्हणून पिल्लू पडले असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढून घ्यावा, असे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

चिकू पाच महिन्यांचा असताना ऑपरेशन झाले. अल्नाचा एक तुकडा कापून काढला आणि हाड पुन्हा सांधू नये म्हणून त्या जागी त्याच्याच कातडीखालची चरबी भरली. त्यामुळे रेडियस मोकळी होते आणि वाढ शिल्लक असेल तर बाक बराचसा आपोआप कमी होतो. धातूची प्लेट नाही, सळई नाही. वाढ संपल्यावर मात्र हाड कापून, सरळ करून, धातूच्या प्लेटने किंवा बाहेरच्या चौकटीने धरून ठेवावे लागते. दवाखान्यात एका लॅब्रॅडॉरच्या पायाला इलिझारोव्ह पद्धतीच्या, म्हणजे हाडातून आरपार घातलेल्या तारांनी हाड बाहेरून धरून ठेवणाऱ्या, कड्या होत्या. त्याच्या मालकीणबाई रोज तारांभोवतीची जागा साफ करून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नट फिरवत होत्या. त्यांची चिकाटी पाहून आमचे काम किती सोपे आहे ते कळले.

तरीही पहिले चार आठवडे जड गेले. पिंजऱ्यातली विश्रांती आणि शी-शूपुरते पट्ट्याने बाहेर नेणे, एवढेच त्याला चालत होते. त्यात पावसाळा, बँडेज ओले झाले की आत कातडी सडते, म्हणून बाहेर नेताना दुधाची रिकामी पिशवी पायावर चढवून वरून सैल चिकटपट्टी लावायची आणि घरात आल्याबरोबर ती काढायची. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली मोठी कॉलर रात्री कपाटावर आपटे आणि सगळे घर जागे होई. बारा दिवसांनी टाके निघाले. दर महिन्याच्या एक्स-रेमध्ये बाक थोडा थोडा उतरताना दिसत होता, सहा महिन्यांचा झाल्यावर तर साध्या डोळ्यांनीही.

आता तो वर्षाचा आहे. डावा पाय किंचित आखूड आहे आणि पंजा अजून जरासा बाहेर झुकतो, पण कोपराचा सांधा जागेवर आहे, आणि अल्ना आखूड राहिल्याने तो निखळेल, हीच मला सर्वाधिक भीती होती. गेल्या आठवड्यातल्या एक्स-रेनंतर डॉक्टरांनी दुसऱ्या ऑपरेशनची गरज नसल्याचे सांगितले. फक्त वजन आटोक्यात ठेवायचे आहे आणि जिन्याला बसवलेले छोटे फाटक तसेच राहणार आहे.