१९ समान स्वरांची गिटार, आठ महिने वापरून: सूर उत्तम, ठिपक्यांनी पिडलं

गिटार साधी इलेक्ट्रिक, स्केल (वाजणाऱ्या तारेची लांबी) ६४८ मिमी. २१ फ्रेटच्या (फ्रेट म्हणजे धातूचे आडवे पडदे) जुन्या नेकच्या खाचा बुजवून त्याच फ्रेटबोर्डवर ३३ नवे फ्रेट बसवलेले. सप्तकाचे १९ सारखे भाग, एक भाग ६३.१६ सेंटचा (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). शुद्ध गंधार सा पासून ३७९ सेंटवर येतो. नैसर्गिक, म्हणजे कानाला पूर्ण जुळणारा, गंधार ३८६ वर असतो आणि नेहमीच्या गिटारवरचा ४०० वर, त्यामुळे इथे मेजर कॉर्ड बऱ्याच स्थिर वाटतात. सुरांबद्दल तक्रार नाहीच.

तक्रार आहे ती फ्रेट ओळखण्यासाठीचे जुने ठिपके तसेच ठेवल्याची. तिसऱ्या फ्रेटचा ६ मिमीचा ठिपका नटपासून (नेकच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) साधारण ८४ ते ९० मिमीत येतो आणि नवा चौथा फ्रेट येतो ८८ वर, म्हणजे थेट ठिपक्यातून. पाचव्याचा ठिपका नवा सातवा फ्रेट (१४६ मिमी) कापतो, बाराव्याच्या जोडीची कड अठरावा खातो. सातव्याचा आणि नवव्याचा तेवढे सुखरूप राहतात; नवव्याचा तर नव्या तेराव्या-चौदाव्याच्या बरोबर मध्ये. अर्धे ठिपके खरे आणि अर्धे खोटे, हे एकही ठिपका नसण्यापेक्षा वाईट. जुन्या नेकवर असे फ्रेट बसवून घेणार असाल तर फ्रेटबोर्डच नवा, कोरा लावून घ्या.

नवे ठिपके कुठे? ५, १०, १५ असे गोल आकडे मोजायला सोपे वाटतात, पण १० आणि १५ वर हाताला ओळखीचं काही सापडत नाही. मोकळी तार सा धरली तर नेहमीच्या गिटारवर ३, ५, ७, ९, १२ म्हणजे कोमल गंधार, मध्यम, पंचम, शुद्ध धैवत आणि वरचा सा. तेच स्वर इथे ५, ८, ११, १४, १९ वर पडतात. ठिपके तिथेच द्यावेत. वरच्या सप्तकात २४, २७, ३०, ३३.

एवढ्यानेही भागत नाही. नट ते ५ आणि १४ ते १९ या दोन पट्ट्यांत सलग चार फ्रेट बिनखुणेचे राहतात आणि अंधाऱ्या स्टेजवर बोट हमखास एक घर चुकतं. ३ आणि १६ वर (शुद्ध रिषभ, कोमल निषाद) नेकच्या कडेला वेगळ्या रंगाचे बारीक ठिपके दिल्यावर हा त्रास गेला. आता १९ पर्यंत दोन खुणांमध्ये जास्तीत जास्त दोन मोकळे फ्रेट. आधी पेंट मार्करने खूण करून महिनाभर वाजवा, मगच ड्रिल लावा. चिकटवायचे स्टिकर कडेने सुटतात आणि बोटाला लागतात.

आकारही पाहा. २९ आणि ३० मधलं अंतर ८ मिमी. फ्रेटची रुंदी वजा केली की साडेपाच उरतात, ६ मिमीचा ठिपका मावत नाही. ३३ वर तर पावणेपाचच. सप्तकाच्या वर ३ मिमीचेच ठिपके घ्या.

सतारीला ठिपके लागत नाहीत, कारण पडद्यांमधली कमी-जास्त अंतरंच खूण असतात. इथे सगळी घरं एका साच्यातली. आणि हो, २२ श्रुती म्हणजे २२ समान भाग नव्हेत. त्या आशेने अशी गिटार घेऊ नका.

आकड्यांच्या बाबतीत टॅबमध्ये (कोणत्या तारेवर कोणता फ्रेट ते आकड्यांत लिहिण्याची पद्धत) खरा फ्रेट क्रमांकच लिहावा. ‘साडेतीन’, ‘५+’ असली जुन्या फ्रेटवर बेतलेली खूण दोन ओळींत गोंधळ घालते, कारण इथे सी शार्प आणि डी फ्लॅट वेगळे आहेत: सी पासून पहिला एका फ्रेटवर, दुसरा दोन फ्रेटवर. ई आणि एफ यांच्यामध्येही एक स्वर आहे. बहुतेक टॅब सॉफ्टवेअर एक फ्रेट म्हणजे एक सेमीटोन (सप्तकाचा बारावा भाग) धरतं. कागदासाठी ठीक, पण त्याचं प्लेबॅक ऐकू नका.

एका तारेवरून शेजारची तार सुरात लावताना पाचव्या फ्रेटऐवजी आठवा दाबा, जी वरून बी लावताना चौथ्याऐवजी सहावा. ट्यूनरवर ए शून्यावर ठेवला तर दोन्ही ई उणे ५, डी अधिक ५, जी अधिक साडेदहा, बी उणे साडेदहा सेंट. सगळ्या तारा सवयीने शून्यावर आणल्यात तर जी आणि बी मध्ये २१ सेंटची फट पडते, आणि दोष मात्र फ्रेट बसवणाऱ्याच्या माथी जातो.