पहिल्यांदा मीटर बॅटरीवर, दुसऱ्यांदा डायनामोवर

मासे वाहणाऱ्या गाडीवाल्यांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण ऑगस्ट लागला की ही फसवणूक फार सोपी होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, गाडी दारात उभी. बंदी उठल्यावर वाटेत सेल्फ अडला की रस्त्यावरचा इलेक्ट्रिशियन ठासून सांगतो, "दोन महिने उभी होती ना, बॅटऱ्या बसल्या." कोणालाही पटेल असंच ते कारण आहे.

आमची गाडी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बर्फातला माल भरून मुंबईकडे निघाली होती. ड्रायव्हर धाब्यावर जेवला, परत येऊन चावी फिरवली तर नुसतं कट् कट्. जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडी कशीबशी चालू केली आणि मला व्हिडिओ पाठवला. मीटरवर २५.३ व्होल्ट. "शेठ, अठ्ठावीस पाहिजे. डायनामो चार्जिंग देत नाही, त्यापायी दोन्ही बॅटऱ्या गेल्या." माल नासायची वेळ आली होती. दोन नव्या बॅटऱ्या आणि बदली डायनामो, बत्तीस हजार. पैसे पाठवले. काम झाल्यावर दुसरा व्हिडिओ आला, त्यात २८.३. बिल उद्या व्हॉट्सॲपला टाकतो म्हणाला.

माल पोचला. गाडी रिकामी करून बंद केली आणि पुन्हा तेच कट् कट्. धक्का मारून रत्नागिरीला आणली.

इथल्या आमच्या इलेक्ट्रिशियन काकांनी काहीही न खोलता, इंजिन चालू ठेवून मीटर आधी डायनामोवर लावला. एक पिन त्याच्या जाड वायरीच्या बोल्टवर, दुसरी त्याच्याच बॉडीवर. २८.२. मग बॅटऱ्यांवर, २५.३. "डायनामो देतोय, बॅटरीला पोचत नाही. मधे कोण खातंय ते बघू." मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसता कामा नये. दिसले जवळजवळ तीन.

इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची केबल गेली होती. बर्फाचं खारं पाणी गाडीखाली सतत गळतं, त्यात आपली समुद्राची हवा. केबल वरून धडधाकट होती. काकांनी लगच्या, म्हणजे केबलच्या टोकाच्या कडीच्या, मागे नखाने दाबलं तशी आतून हिरवी भुकटी सांडली. सेल्फ आणि डायनामो, दोघांचा परतीचा रस्ता हीच केबल. म्हणून सेल्फही घेईना आणि चार्जिंगही पोचेना. नवी केबल टाकली, लगची जागा घासून लोखंड चकचकीत केलं, काही शेकड्यांत काम झालं.

मग मी दोन्ही व्हिडिओ थांबवून थांबवून बघितले. पहिल्यात पिना बॅटरीवर आहेत, दुसऱ्यात डायनामोवर! ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, चालू करताना त्याने निगेटिव्हपासून इंजिनाला एक जाड केबल धरली होती, नंतर काढली. म्हणजे दोष कुठे आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. "बदली" डायनामोचा चंदेरी रंग खरवडला तर खाली आमच्याच डायनामोच्या बॉडीचा जुना टवका. नव्या बॅटऱ्यांच्या झाकणावरचा, बॅटरी कधीची ते सांगणारा कोड कानशीने घासलेला, वर स्टिकर. असल्या माणसाला मी अडाणी म्हणणार नाही, तो चोर आहे.

वाटेत कोणी असं सांगितलं तर पैसे देण्याआधी मीटर तिन्ही ठिकाणी, डायनामोवर, बॅटरीवर आणि निगेटिव्ह ते इंजिन, स्वतःसमोर लावून घ्या. चोवीस व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर दोन्ही बॅटऱ्या मिळून साधारण २५.२ असतील तर बॅटरी भरलेली आहे. एकेक वेगळी मोजा. एक बरीच कमी दिसली तर गाण्यांच्या टेपसाठी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट घेतलेत का ते बघा.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर ती तपासणी वेगळी. सगळं बंद करून निगेटिव्ह काढायची, मधे अँपिअर मीटर घालायचा आणि एकेक फ्यूज काढत करंट कुठे पडतो ते बघायचं. मीटर मधे असताना सेल्फ मारू नका, मीटर जाईल.

तो धाब्याजवळचा इलेक्ट्रिशियन आता फोन उचलत नाही. एकदाच उचलला, तेव्हा जुन्या बॅटऱ्या भंगारात गेल्या म्हणाला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली आहे. पक्कं बिल नाही; पैसे पाठवल्याची नोंद, दोन व्हिडिओ आणि घासलेल्या कोडचे फोटो एवढं जोडलं आहे.