रेग्युलेशन्स डॉट गव्ह: नियम घडताना पाहण्याची सोय

अमेरिकेच्या संघीय सरकारचे ऊर्जाविषयक नियम घडताना पाहायचे असतील, तर 2003 पासून चालू असलेले ‘रेग्युलेशन्स डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ मला अत्यंत मोलाची सार्वजनिक सेवा वाटते. ऊर्जा विभागाला वॉटर हीटर किंवा रेफ्रिजरेटरच्या कार्यक्षमतेची मानके बदलायची असतात, तेव्हा 1946 च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार त्याला सर्वसाधारणपणे आधी मसुदा प्रसिद्ध करून लोकांची मते मागवावी लागतात. त्या मसुद्यासोबतचा जाडजूड तांत्रिक अहवाल, उत्पादकांचे आक्षेप आणि ग्राहक संघटनांची पत्रे येथे एकाच डॉकेटखाली, म्हणजे त्या प्रस्तावाच्या सर्व कागदपत्रांच्या क्रमांकित फाइलखाली, विनामूल्य वाचता येतात. अंतिम नियमाच्या प्रस्तावनेत विभागाला महत्त्वाच्या आक्षेपांची दखल घ्यावी लागते, आणि मूळ पत्र व त्यावरचे उत्तर ताडून पाहिले की कोणता युक्तिवाद टिकला आणि कोणता बाजूला पडला, हे स्वच्छ दिसते.

शोधसुविधा मात्र अभ्यासकाची परीक्षा पाहते: डॉकेट क्रमांक हाताशी असेल तर काम सोपे, नसेल तर एकाच उपकरणाचे जुने-नवे प्रस्ताव एकमेकांत मिसळून समोर येतात. शिवाय वीज पारेषण वाहिन्यांसारख्या विषयांसाठी संघीय ऊर्जा नियामक आयोगाच्या स्वतंत्र ‘ई-लायब्ररी’कडेच वळावे लागते. मत नोंदवणाऱ्याने केवळ पाठिंबा किंवा विरोध न कळवता मसुद्यातील नेमके कलम आणि आकडा धरून लिहावे.