लसूणघास आर. एल. ८८ : थंडीत झोपला नाही, यालाच माझे गुण

साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अंगाला आमची शेती. दोन गायी, एक म्हैस. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वीस गुंठ्यांत घास पेरला. दहा गुंठ्यांत राहुरी कृषी विद्यापीठाचा आर. एल. ८८ हा वाण, अडीच किलो बी, पिशवीबंद. उरलेल्या दहांत दुकानदाराने गळ्यात मारलेलं सुटं बी. "ताई, परदेशी जात आहे, बर्फातही मरत नाही."

सासूबाईंनी दोन्ही वाफे बघून निकाल दिला, "हाऊ घास थंडीमा मरी जाई."

मेलं काहीच नाही. डिसेंबरात धुळ्याचा पारा ६ अंशांवर उतरला तेव्हा आर. एल. ८८ मंदावला. एरवी २८ दिवसांनी येणारी कापणी ४० दिवसांवर गेली, पण घास उभा होता. सुट्या बियाण्याचा घास मात्र गोधडीत शिरल्यासारखा जमिनीला चिकटला. विळा लावला तर मुठीत चार पानं.

दुकानदार खोटं बोलला नव्हता, हीच तर गंमत. ती जात थंडीला पक्की असते ती अशी झोपते म्हणूनच. दिवस लहान झाले की वाढ आवरायची आणि साखर मुळांत भरून ठेवायची. दोन्हींची एकेक जुडी उपटून पाहिली. परदेशी घासाचा मुळावरचा गड्डा मातीत खोल, नवे डोळे मातीआड झाकलेले. आर. एल. ८८चा गड्डा जवळजवळ उघडा, म्हणून तो चार बोटं ठेवूनच कापते. बर्फाच्या मुलखात झोपणं शहाणपणाचं असेल, माझ्या म्हशीला जानेवारीतच हिरवं लागतं.

आणि फेब्रुवारीत सुट्या बियाण्याच्या वाफ्यात पिवळे दोरे दिसले. अमरवेल, घासाला विळखा घालून त्याचाच रस शोषणारं तण! तिचं बी घासाच्या बियाएवढंच बारीक, सुट्यात मिसळलं तर डोळ्याला कळत नाही. तेवढे पट्टे मुळापासून कापून जाळले. दुकानदार म्हणतो, "चाळून दिलं होतं." बरं.

आर. एल. ८८ची तक्रार एकच. पिशवीत जिवाणू खताची पुडी नव्हती, ती वेगळी आणून बियाला चोळावी लागली. बाकी घास बहुवर्षायू, दरवर्षी बियाण्याचा खर्च नाही. पुढच्या ऑक्टोबरात दुसरे दहा गुंठेही याचेच.

फक्त दवात भिजलेला कापून लगेच दावणीत टाकू नका. आमची म्हैस फुगली होती, रात्री डॉक्टरांना उठवावं लागलं. आता कापलेला घास दुपारपर्यंत ओट्यावर पसरते, मग कडब्यात मिसळून घालते.