घरचा हुलगा कुठे जपायचा: रानात, गावच्या बियाणे बँकेत की दिल्लीच्या जनुक बँकेत?

सोलापूर जिल्ह्यात सांगोला, मंगळवेढा, करमाळा या बाजूला माळाच्या तुकड्यावर घरचा हुलगा, म्हणजे कुळीथ, पेरणारी घरं अजून सापडतात. काळा, तांबूस, ठिपक्याठिपक्यांचा, सगळा एकाच पोत्यात. हे बी जपायचं एखाद्या शेतकरी गटानं किंवा बचत गटानं मनावर घेतलं, तर पहिली अडचण पैशाची आणि हातांची येते. एका हंगामात सगळं जमत नाही. मग आधी काय करायचं? वाटा तीन आहेत, आणि तिन्हींची शिफारस करणारे लोक आपापल्या वाटेचे तोटे सहसा सांगत नाहीत.

हे पीक मागे का पडलं ते आधी बघू, कारण निवड त्यावरच ठरते. तूर, मूग, उडीद, हरभरा यांना केंद्राचा हमीभाव आहे. हुलग्याला नाही, मटकीलाही नाही. ज्या हलक्या मुरमाड रानात हुलगा निघायचा तिथे सांगोल्याकडे डाळिंब आलं, आणि जिथे पाणी पोचलं तिथे ऊस. घरात बैल राहिले नाहीत, तसा भरड्याचा खपही गेला. उरलं ते माडगं, शेंगोळे, पिठलं आणि मुतखड्यावर काढा करून पिणारी मंडळी. म्हणजे बी संपतंय ते रोगानं नव्हे, पेरा घटल्यानं.

पहिली वाट रानाची: दरवर्षी घरचं मिसळ बी पेरत राहायचं. माझा कल इकडेच आहे. जुना स्थानिक हुलगा दिवस लहान व्हायला लागले की फुलतो. त्यामुळे जुलैत पेरला काय नि पाऊस लांबल्यावर ऑगस्टात पेरला काय, वेलाची वाढ कमीजास्त होते, पण फुलोरा फारसा चुकत नाही. असे गुण टिकतात ते दर हंगामात त्या रानात, त्या पावसात पीक उभं राहिल्यामुळे. केवडा, म्हणजे पानं पिवळी पाडणारा रोग, आला तर मिसळीतली काही झाडं पिवळी पडतात, काही तग धरतात आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्यात तग धरणाऱ्यांचा वाटा वाढतो. शीतपेटीतल्या बियाण्याला ही संधी मिळत नाही.

पण रानातही नकळत छाटणी चालूच असते. हुलग्याच्या शेंगा एका वेळी पिकत नाहीत. बुडातल्या वाळून तडकतात तेव्हा शेंड्याच्या हिरव्या असतात. म्हणून दव असताना पहाटे उपटायची रीत. उपटणीचा एकच दिवस धरला, की फार लवकर पिकणारी झाडं जमिनीवर सांडतात, फार उशिराची पोचट राहतात आणि बी उरतं ते मधल्यांचं. वर बी जर मळणीनंतर उरलेल्या ढिगातून काढलं, तर पोत्यात काय आलं हे नशिबावर. उपाय बिनखर्चाचा आहे. उपटणीआधी रानात आडवंतिडवं फिरून निदान शंभर झाडांच्या चार-चार शेंगा वेगळ्या काढायच्या, चांगल्या दिसणाऱ्या झाडांच्याच नव्हे, सगळ्या तऱ्हांच्या. पाच-सहा देखण्या झाडांवरून बी धरलं तर तीन-चार वर्षांत रंग टिकेल, आतलं वैविध्य निघून जाईल.

या वाटेचा मोठा धोका दुष्काळ. सलग दोन वर्षं पेरणीच साधली नाही आणि घरात डबा राहिला नाही, तर विषय संपला. आणि घरात बी धरणारी म्हातारी गेली की सून बाजारातून आणते, हेही बघितलंय.

दुसरी वाट गावच्या बियाणे बँकेची. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाल्यापासून ही कल्पना घरोघरी पोचली. त्यांच्या कामात वालाच्या नाना तऱ्हा आहेत, म्हणजे शेंगवर्गीयच. पण त्या कामातलं जे फोटोत दिसतं त्याची नक्कल करायला जाऊ नये. कपाट, बरण्या, लेबलं, उद्घाटन, हा भाग सोपा आहे. अवघड भाग म्हणजे प्रत्येक बरणी दर दोन-तीन वर्षांनी रानात उतरवून ताजी करणं. गावातल्या खोलीच्या उष्म्यात, सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तर विशेषच, बियाण्याची उगवण घसरत जाते, आणि भुंगा लागला तर तेवढंही थांबावं लागत नाही. दाणा दाताखाली कट्‌कन फुटेल इतका वाळवून, राख घालून, हवाबंद पत्र्याच्या डब्यात ठेवला तर काळ वाढतो. बियाण्यातला ओलावा एका टक्क्यानं कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरी तसंच, असा बीजशास्त्रातला ढोबळ हिशेब आहे. गावात तापमान हातात नाही, ओलावा आहे. तेव्हा खर्च करायचाच तर कपाटापेक्षा वाळवणीवर करावा.

हुलग्याची एक सोय इथे कामी येते. तो स्वपरागी आहे, म्हणजे त्याच फुलाच्या परागानं दाणा धरतो. तुरीत मधमाश्या इकडचा पराग तिकडे नेतात, म्हणून तुरीची दोन वाणं जवळ लावून शुद्ध ठेवणं कटकटीचं. हुलग्याच्या काळ्या आणि तांबूस ओळी शेजारीशेजारी लावल्या तरी फारसं बिघडत नाही. सरमिसळ होते ती खळ्यावर आणि मळणी यंत्रात. म्हणून बियाण्याचा हुलगा हातानं बडवून घ्यावा. त्यामुळे दहा-बारा तऱ्हा सांभाळायला अर्धा एकरही लागत नाही, चार-पाच गुंठे पुरतात. मात्र ते गुंठे दरवर्षी कोण बघणार, त्याचं नाव ठरलेलं नसेल तर बँक काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी वाट दिल्लीची. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोची स्थापना १९७६ ची, आणि विभागीय केंद्र अकोल्याला आहे. ब्युरोच्या दिल्लीतल्या राष्ट्रीय जनुक बँकेत वाळवलेलं बी उणे १८ अंशांच्या आसपास बंद पाकिटात राहतं, कित्येक दशकं. गटाला लागणारे कष्ट थोडे: काही हजार दाणे, म्हणजे हुलग्याचे सव्वाशे-दीडशे ग्रॅम. नवं, सावलीत वाळवलेलं, औषध न लावलेलं. सोबत माहिती: गाव, तालुका, रान कसलं, स्थानिक नाव, केव्हा पेरतात, कशाला वापरतात. ही माहिती नसेल तर नमुना निनावी पडून राहतो, म्हणून कागद भरताना घाई नको. मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात विचारलं तर मार्ग कळतो.

तोटाही समजून घ्या. परत मागितलं तर मूठभर दाणे मिळतात, पोतं नव्हे. पेरण्याजोगं बी व्हायला दोन-तीन हंगाम वाढवावं लागतं. दुष्काळात पुढच्या महिन्यात पेरायला बी हवं असेल तर ही बँक उपयोगाची नाही. शेजाऱ्याची कणगी उपयोगाची.

मग सुधारित वाणाचं काय? राहुरीच्या विद्यापीठाची सीना आणि माण ही हुलग्याची वाणं आहेत, दोन्ही नावं आपल्याच नद्यांची. विकायला हुलगा करायचा असेल तर वाण घ्यावं. पीक जास्त एकसारखं येतं, व्यापाऱ्यालाही एकरंगी दाणा लागतो. पण सगळ्या रानात वाण आणि मिसळ शून्य, हे करू नका. याच जिल्ह्यात मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलेली ३५-१ ज्वारी आजही पेरली जाते. ती निवड शक्य झाली कारण निवडायला रानात तऱ्हा होत्या. पुढचं हुलग्याचं वाणही कुणाच्या तरी मिसळीतूनच निघणार.

कायद्याचं थोडक्यात: २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला बी जपणं, पेरणं, वाटणं, विकणं मोकळं आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणीही होते, पण अधिसूचित पिकांचीच, म्हणून यादी आधी पाहावी. गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत हुलग्याच्या तऱ्हा लिहून घ्यायला मात्र कशाची वाट बघायला नको.

मी ठरवणारा असतो तर क्रम असा लावला असता. गटाकडे एकच हंगाम आणि चार माणसं असतील, तर या वर्षी दीडशे-दीडशे ग्रॅमच्या पुड्या जनुक बँकेकडे आणि बाकी मिसळ तीन वेगवेगळ्या घरांच्या रानात, तीन वेगवेगळ्या शिवारांत. एका घराचा पेरा हुकला तरी दुसऱ्याचा राहील. बियाणे बँक तिसऱ्या वर्षी, तोवर पाच गुंठे सांभाळणारा माणूस टिकला तरच. बचत गटाचं शेंगोळ्याचं पीठ किंवा माडग्याची पाकिटं सोलापूरच्या बाजारात खपत असतील, तर क्रम उलटा करून आधी पेरा वाढवा, मिसळ बियाण्याचाच, कारण पिठात दाण्याचा रंग कुणी विचारत नाही.