हे बघ बाई, लुकास मरायचा तो माझ्यावर!

फेलिक्स साब्रोसो आणि दुनिया आयासो या जोडीने दिग्दर्शित केलेला १९९७ चा स्पॅनिश सिनेमा 'पेर्दोना बोनिता, पेरो लुकास मे केरिया आ मी' (माफ कर सुंदरी, पण लुकासचं प्रेम होतं ते माझ्यावर) बघण्याआधी त्याच्या नावावर दोन मिनिटं घालवा. 'पेर्दोना, बोनिता' हा भांडणाचा सूर आहे: 'सुंदरी' म्हणायचं आणि चिमटा काढायचा. 'बोनिता' स्त्रीलिंगी, बोलणारे मात्र पुरुष. शेवटचं 'आ मी' म्हणजे आपल्या 'माझ्यावरच' मधला 'च'. 'केरिया' हा रीतिभूतकाळ, कारण लुकास आता उरलेला नाही. इंग्रजी नावात 'डार्लिंग' आलं आणि लिंगाची मजा गेली. मराठीत निदान 'अगं' तरी आहे.

माद्रिदमध्ये एकत्र राहणारे तीन गे मित्र खर्चाला हातभार म्हणून एक खोली भाड्याने देतात. देखणा लुकास राहायला येतो, तिघंही घायाळ होतात आणि मग त्याचा खून होतो. पोलिसांसमोर प्रत्येकाची कहाणी वेगळी, दावा मात्र एकच. त्यामुळे प्रसंग कोण सांगतोय हे लक्षात ठेवा, नाहीतर लुकासचं वागणं विसंगत वाटेल. ते तसंच असायला हवं: आपल्याला दिसतो तो सांगणाऱ्याला हवा असलेला लुकास. लुकास झालेल्या आलोन्सो कापार्रोसला म्हणूनच अभिनयापेक्षा दिसण्याचं काम जास्त.

तीन मित्र झालेल्या जोर्दी मोया, पेपोन निएतो आणि रोबेर्तो कोरेचेर या तिघांवर सिनेमा तरतो. निएतोचं टायमिंग सगळ्यात पक्कं. मूळ स्पॅनिश आवाजातच बघा. तिघं एकदम बोलू लागले की सबटायटल मागे पडतं आणि कुठलं वाक्य कुणाचं ते कळत नाही. तिथे खुशाल मागे जा.

गे असणं इथे समस्या म्हणून येत नाही, ते गृहीतच धरलंय. स्पेनमध्ये समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली २००५ मध्ये, हे लक्षात घेतलं तर या बेफिकिरीची किंमत कळते. पण विनोदाचा भार जवळजवळ सगळा 'प्लुमा'वर, म्हणजे नखऱ्यांवर. (शब्दाचा मूळ अर्थ पीस.) शिवाय फार्स सुरुवातीपासूनच वरच्या पट्टीत, त्यामुळे पुढे चढायला जागा उरत नाही आणि खुनाचं वजनही जाणवत नाही.

मोयाचा आवाका बघायचा असेल तर लगेच १९९९ चा 'सेगुंदा पिएल' लावा. तिथे तो पुरुषाशी असलेलं नातं बायकोपासून लपवणारा नवरा आहे, आणि तिथे नखरा औषधालाही नाही.