८३ पट झूम, पण त्यातला कामाचा किती? (निकॉन कूलपिक्स पी९५०, वापरानंतरचा अनुभव)

अख्खा पावसाळा आणि जवळजवळ सगळा हिवाळा हा कॅमेरा गळ्यात अडकवून फिरलोय. नव्याची नवलाई असताना लिहिलेले रिव्ह्यू चंद्राच्या फोटोवर सुरू होतात आणि तिथेच संपतात, म्हणून जरा थांबून लिहितोय.

आधी त्या ८३ चं बघू. दुकानदार असा काही सांगतो की वस्तू ८३ पट जवळ येणार! प्रत्यक्षात तो साधा भागाकार आहे. फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याच्या) हिशेबात ही लेन्स २४ मिमीपासून २००० मिमीपर्यंत जाते. २००० भागिले २४, आले ८३. ७०-२०० मिमीची लेन्स तीन पटही झूम नाही, पण २४-१२० च्या पाच पट झूमपेक्षा ती लांबचं आणते. तेव्हा 'एक्स' (म्हणजे किती पट) सोडा, शेवटचा मिमी बघा. त्यापुढे डिजिटल झूमने १६६ पट जाता येतं, ते मी बंदच करून टाकलंय. घरी येऊन फोटो क्रॉप करता येतोच की.

आता २००० मिमी किलोभर वजनात कसं मावलं? फोटो टिपणारा सेन्सर नखाएवढा आहे म्हणून. खरी फोकल लेंग्थ (लेन्सचा तो मिमीचा आकडा) ३५७ मिमीच आहे. याची किंमत संध्याकाळी कळते. पूर्ण झूमवर अ‍ॅपर्चर एफ/६.५, म्हणजे लेन्सचं भोक लहान आणि उजेड कमी. शटर वेगवान ठेवावं तर आयएसओ (उजेडासाठीची संवेदनशीलता) चढतो, आणि आठशेच्या पुढे पिसांचा लगदा व्हायला लागतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढून थोडं सावरता येतं, फार नाही.

पण खरा अडसर कॅमेऱ्यात नाहीच, हवेत आहे. पुण्यातल्या पर्वतीवरून सिंहगडाचा टीव्ही टॉवर सरळ रेषेत सतरा-एक किलोमीटर असेल. पूर्ण झूमला तिथला जेमतेम तीनशे मीटरचा पट्टा चौकटीत येतो. हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी टॉवर राखाडी डागासारखा दिसतो. उन्हं चढली की तोच टॉवर पाण्याखाली असल्यासारखा वळवळतो. ट्रायपॉड लावा, टायमर लावा, वळवळ जात नाही, कारण मधली सतरा किलोमीटर हवा तुम्ही टॉवरसोबतच मोठी करून घेतलेली असते. जुलैत मात्र सर पडून गेली आणि तासभर उघडीप मिळाली तेव्हा लोखंडाच्या आडव्या-तिरप्या पट्ट्या वेगवेगळ्या दिसल्या. कॅमेरा तोच, सेटिंगही तीच.

भिगवणला हेच पाण्यावर होतं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर सकाळी आठपर्यंत रोहित पक्ष्यांच्या चोचीचा काळा शेंडा स्वच्छ येतो. दहानंतर तेच थवे गुलाबी धुरासारखे. नावाडी आधी विचारतो, "सर, अजून पुढं घेऊ का?" आणि पुढच्याच दमात सांगतो, "पर उडतील बघा." या झूमचा मला सगळ्यात मोठा फायदा इथे वाटतो: नाव लांबच थांबवता येते, पक्षी चरत राहतात. फक्त नावेत २००० चा नाद करू नका. शंभर मीटरवर पूर्ण झूमची चौकट पावणेदोन मीटर रुंद. नाव हलली की पक्षी गायब. मी हजार-बाराशेवर थांबतो, आणि कामाचे बहुतेक फोटो तिथलेच आहेत.

लेन्सच्या बाजूला एक बटण आहे. दाबून धरलं की झूम मागे येऊन चौकट मोठी होते, सोडलं की पुन्हा मूळ झूमवर येते. तारेवरच्या खंड्याने सूर मारला की तो पुन्हा सापडतो तो या बटणामुळे. जाहिरातीत याची टिमकी कुणी वाजवत नाही, पण रोज लागतं ते हेच.

बरं, चंद्र. येतो, झकास येतो. पूर्ण झूमला चौकटीच्या उंचीचा साधारण दोन तृतीयांश भाग व्यापतो. ट्रायपॉडवर मध्यभागी धरलेला चंद्र मिनिटभरात कडेला टेकतो, तेव्हा पृथ्वी फिरतेय हे पुस्तकाबाहेर कळतं. पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपास काढा, सावल्यांमुळे विवरं उठून दिसतात. गुरू म्हणजे एक छोटी चकती आणि शेजारी चार ठिपके. सोसायटीतली पोरं त्या चार ठिपक्यांसाठी गच्चीवर रांग लावतात. (त्याच गच्चीवरून दिवसा लेन्स बाहेर काढली की समोरच्या बिल्डिंगमध्ये पडदे ओढले जातात. त्यांचंही बरोबरच आहे.)

घ्यावा का? लग्न, घरगुती कार्यक्रम, मुलांचे फोटो यासाठी अजिबात नको. घरातल्या उजेडात चांगला फोन याच्या पुढे जातो. जंगलात अंधुक उजेडात पळणारं जनावर टिपायचं असेल तर मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि ४०० मिमीची लेन्स बरी, खिसा मोकळा होईल तो वेगळा. माळरान, पाणथळ, किल्ल्यावरून दिसणारे दुसरे किल्ले आणि चंद्र एवढं तुमचं जग असेल तर बिनधास्त घ्या. सोबत दुसरी बॅटरी घ्याच. एका चार्जमध्ये कंपनीच्याच मापाने तीनशेच्या आत फोटो निघतात, आणि भिगवणला नावेत चार्जिंग मिळत नाही.